हात, छाया आणि सुई : स्तनातील गाठीचे निदान कसे ठरते?

स्तनात गाठ हाताला लागली की बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो : कॅन्सर तर नसेल? डॉक्टरांच्या मनातही तोच प्रश्न असतो. फरक इतकाच, की उत्तर शोधायच्या तीन वाटा त्यांना ठाऊक असतात. पहिली, हाताने तपासणे. दुसरी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करून गाठीची छाया पाहणे. तिसरी, बारीक सुई घालून गाठीतल्या पेशी ओढून घेणे आणि काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. या तिसऱ्या वाटेला डॉक्टर ‘एफएनएसी’ म्हणतात. आपल्याकडे नुसते ‘सुईची तपासणी’ म्हटले तरी समजते.

छायेवर विश्वास ठेवावा की सुईवर, हा वाद वैद्यकशास्त्रात अनेक दशके चालला. दोघींची तुलना करणारे शोधनिबंध आजही निघतात. मी डॉक्टर नाही. जालना जिल्ह्यात राहून, जमेल तसे हे निबंध मिळवून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचत आले आहे. या वाचनातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. ‘कोणती तपासणी श्रेष्ठ?’ हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न असा, की दोघींचे म्हणणे जुळले नाही तर काय करायचे? बाईचे नशीब पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि तो आपल्याकडे फार कमी विचारला जातो.

आधी दोन आकडे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने गेल्या. त्याच वेळी हेही तितकेच खरे, की हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरुण मुलींमधली बोराएवढी निसटणारी गाठ बहुधा फायब्रोअडेनोमा असते. चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेल्या गाठी होतात. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनात दूध साठून गाठ होते, गळू होते. आपल्या देशात टीबीही स्तनात गाठ करतो आणि हुबेहूब कॅन्सरचे सोंग घेतो. म्हणजे निदानाला दोन कामे एकदम करायची असतात : कॅन्सर निसटू द्यायचा नाही, आणि कॅन्सर नसलेल्या बाईवर उगाच सुरी चालवायची नाही.

मोंढ्यातले पोते

छाया आणि सुई यांच्यातला फरक समजायला जालन्याच्या माणसाला लांब जायला नको. मोंढ्यात धान्याचे पोते आले, की खरेदीदार आधी ते बाहेरून न्याहाळतो : पोते ओले आहे का, एका बाजूला फुगले आहे का, कुठे बुरशीचा डाग आहे का. मग तो टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो आणि मूठभर दाणे बाहेर काढून तळहातावर घेतो. नजरेने सगळे पोते दिसते, पण आतला दाणा दिसत नाही. नळीने दाणा दिसतो, पण नळी जिथे गेली तिथलाच. पोत्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात किडका माल असेल, तर हातातले स्वच्छ दाणे त्याविषयी काहीच सांगत नाहीत.

सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी ही नजर आहे. गाठीचा आकार, तिच्या कडा, तिची खोली, आजूबाजूची ओढाताण हे सगळे ती दाखवते. सुई ही नळी आहे. पेशी कशा आहेत हे ती दाखवते, पण तिच्या टोकापुरते. मोंढ्यातला जुना खरेदीदार पोते बाहेरून संशयास्पद असताना पहिली मूठ चांगली निघाली म्हणून सौदा करत नाही. तो दुसऱ्या बाजूने नळी घालतो. निदानाचा सगळा नियम या एका कृतीत आहे.

छायेची कहाणी

१९१३ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक अल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली आणि ती प्रत्यक्ष गाठींशी ताडून पाहिली. कॅन्सरची गाठ चित्रात वेगळी दिसते, तिच्यात चुन्याचे बारीक कण दिसू शकतात, हे त्यातून पुढे आले. पुढे नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्यांना छळछावणीत जावे लागले. ते वाचले, त्यांची चित्रकार मुलगी शार्लोट मात्र १९४३ मध्ये आउशवित्झला मारली गेली. सालोमोन यांचे काम बराच काळ मागे पडले. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट इगन यांनी चित्रण काढण्याची पद्धत बसवली आणि फ्रान्समध्ये खास स्तनासाठीचे यंत्र आले, तेव्हा मॅमोग्राफी रुळली. दरम्यान १९५० च्या सुमारास जॉन वाइल्ड यांनी ध्वनिलहरींनी स्तनातील गाठ पाहण्याचे प्रयोग केले होते. आजच्या सोनोग्राफीचे मूळ तिथे आहे.

या दोन छायांचा स्वभाव वेगळा आहे. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते आणि दुधाच्या ग्रंथींचे दाट ऊतक पांढरे. गाठही पांढरीच दिसते. वय वाढते तसे स्तनातले ग्रंथींचे ऊतक कमी होते, म्हणून पन्नाशीनंतर गाठ काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. तरुण स्त्रीच्या दाट स्तनात मात्र ती पांढऱ्यावर पांढरी अशी हरवते. म्हणून तिशी-पस्तिशीच्या आत आधी सोनोग्राफी करतात. गाठ पाण्याची की भरीव, हे सोनोग्राफी चटकन सांगते. चुन्याचे अतिबारीक कण मात्र मॅमोग्राफीतच नीट दिसतात. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे लवकरच्या वयात आढळतो. त्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफीचे महत्त्व अधिक आहे; चाळिशीपुढे पुष्कळदा दोन्ही लागतात.

छायेचा रिपोर्ट हल्ली ‘बाय-रॅड्स’ या श्रेणीत लिहितात. १ म्हणजे काही आढळले नाही, २ म्हणजे निश्चित निरुपद्रवी, ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, ४ म्हणजे संशय, ५ म्हणजे दाट संशय. तीनमध्ये कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत धरतात आणि साधारणतः सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. पाचमध्ये ती ९५ टक्के किंवा अधिक धरतात. चारमध्ये मात्र २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत सगळे येते. म्हणून ‘चार’ हे उत्तर नव्हे, ‘आत काय आहे ते पाहा’ अशी सूचना आहे.

छाया चुकते कुठे? स्तनातला टीबी, मार लागून झालेली चरबीची गाठ, जुने गळू यांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात आणि कॅन्सरचा संशय येतो. उलट काही कॅन्सर, विशेषतः तरुण स्त्रियांमधले वेगाने वाढणारे, गोल गुळगुळीत दिसतात आणि साध्या गाठीत खपून जातात. काही कॅन्सर एकेका पेशीच्या रांगेने पसरतात, धड गाठ करत नाहीत. ते छायेत फार उशिरा उमटतात.

सुईची कहाणी

सुईचा इतिहास १९३० पासून सांगतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले शल्यचिकित्सक हेज मार्टिन आणि तिथल्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठीतल्या पेशी ओढून निदान करण्याविषयी निबंध लिहिला. अमेरिकेत तो फारसा रुचला नाही. अखंड तुकडा पाहण्याची सवय असलेल्यांना विखुरलेल्या पेशींवर भरवसा वाटेना, आणि सुईने कॅन्सर पसरेल ही धास्ती होतीच. ही पद्धत खरी वाढली ती १९५० आणि ६० च्या दशकांत स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत. तिथून ती जगभर गेली. भारतासारख्या देशाला ती फार उपयोगी पडली, कारण तिला लागते काय? इंजेक्शनची सुई, सिरिंज, काचपट्ट्या, अल्कोहोल आणि रंग. भूल नको, टाके नकोत, दाखल होणे नको. अनुभवी डोळा असेल तर त्याच दिवशी उत्तर.

हा ‘अनुभवी डोळा’ हीच तिची ताकद आणि तीच तिची मर्यादा. सुई घालणारा हात चुकला तर पट्टीवर रक्त आणि चरबीच येते. ओल्या पद्धतीच्या रंगासाठीची पट्टी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवली नाही, तर पेशी वाळून बिघडतात. कॅन्सर कठीण, तंतुमय असेल तर पेशी सुटत नाहीत. गाठ लहान किंवा खोल असेल तर सुई शेजारी जाते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या पेशी मुळातच इतक्या सक्रिय असतात, की ते न सांगता पट्टी पाठवली तर पाहणाराही फसू शकतो. म्हणून चिठ्ठीवर ‘पाजते आहे’ हे दोन शब्द लिहिणे फार मोलाचे आहे.

सुईच्या रिपोर्टसाठीही पाच पायऱ्या ठरल्या आहेत. २०१६ मध्ये जपानमधल्या योकोहामा शहरात झालेल्या परिषदेत त्यांची मांडणी सुरू झाली, म्हणून तिला योकोहामा पद्धत म्हणतात : अपुरा नमुना, निरुपद्रवी, किंचित वेगळ्या पेशी, संशयास्पद, कॅन्सर. तिच्या मांडणीत दिलेले आकडे विचार करायला लावणारे आहेत. ‘कॅन्सर’ असा शेरा असला तर तो ९९ टक्के किंवा अधिक वेळा खरा ठरतो. ‘निरुपद्रवी’ शेऱ्यामागेही शंभरात एक ते दोन ठिकाणी कॅन्सर निघतो. आणि ‘अपुरा नमुना’ असेल तर शंभरात साधारण तीन ते पाच ठिकाणी. म्हणजे ‘काही सापडले नाही’ हा ‘काही नाही’पेक्षा जास्त काळजीचा शेरा आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत या दोन्हींचा अर्थ एकच लावला जातो : ‘नॉर्मल आलं.’

सुई ‘कॅन्सर’ म्हणाली तरी एक काम उरते. तो जागच्या जागी आहे की भोवतालच्या ऊतकात शिरला आहे, हे सुट्या पेशींवरून सांगता येत नाही. कोणते औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या चाचण्यांसाठीही ऊतकाचा अखंड तुकडा असलेला बरा. म्हणून हल्ली जाड सुईची बायोप्सी करतात. त्या जागेपुरती भूल देऊन शेवयीसारखा बारीक तुकडा काढतात. संपन्न देशांत या बायोप्सीने बारीक सुईची जागा बरीचशी घेतली आहे. आपल्याकडे दोन्हींना काम आहे : बारीक सुईने पटकन चाळणी, आणि शंका उरली किंवा कॅन्सर निघाला तर जाड सुई.

आता त्या धास्तीविषयी. ‘सुई टोचली की गाठ चवताळते’ हे वाक्य आपल्या भागात अनेकींनी ऐकलेले असते, आणि त्यापायी तपासणी टाळली जाते. अनेक दशके जगभर लाखो स्त्रियांची सुईची तपासणी झाली आहे आणि तिच्यामुळे त्यांचे आयुष्य कमी झाले असे दिसलेले नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती सुईने जागेपुरत्या भुलेचे औषध टोचले. पाच वर्षांनी त्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. तो प्रयोग औषधाचा होता, निदानाच्या सुईचा नव्हे. पण गाठीभोवती वारंवार सुई टोचल्याने कॅन्सर चवताळत असता, तर हे आकडे असे आले नसते.

एका रिपोर्टचे दोन अर्थ

आता तुलनेच्या गाभ्याकडे येऊ. समजा, सुई कॅन्सर असलेल्या शंभर स्त्रियांपैकी नव्वद जणींमध्ये तो बरोबर पकडते आणि दहा जणींमध्ये चुकवते. हिशेबासाठी घेतलेला हा आकडा दोन वेगळ्या ठिकाणी लावून पाहू.

पहिला गट : विशी-पंचविशीच्या १,००० मुली, गुळगुळीत हलणारी गाठ, सोनोग्राफी साधी. समजा यांपैकी २० जणींना खरोखर कॅन्सर आहे. सुई १८ जणींचा पकडते, दोघींचा चुकवते. ‘निरुपद्रवी’ रिपोर्ट घेऊन घरी जाणाऱ्या ९८२ जणींपैकी कॅन्सर दोघींना, म्हणजे सुमारे पाचशेत एकीला.

दुसरा गट : पंचावन्नच्या आसपासच्या १०० स्त्रिया, कठीण घट्ट गाठ, छायेत कडा वेड्यावाकड्या. समजा यांपैकी ८० जणींना कॅन्सर आहे. सुई ७२ जणींचा पकडते, आठ जणींचा चुकवते. ‘निरुपद्रवी’ रिपोर्ट मिळालेल्या २८ जणींपैकी आठ जणींना कॅन्सर आहे. म्हणजे दहात जवळजवळ तिघींना!

सुई तीच, पॅथॉलॉजिस्ट तोच, कागदावरचे शब्दही तेच. पण एका हातात तो कागद दिलासा आहे, दुसऱ्या हातात धोका. रिपोर्टचा अर्थ त्या कागदात नसतो. आधी हाताने आणि छायेने काय सांगितले, त्यावर तो ठरतो.

यातूनच ‘तिहेरी तपासणी’ हा नियम आला. हात, छाया आणि सुई तिघीही ‘निरुपद्रवी’ म्हणत असतील, तर कॅन्सर निसटण्याची शक्यता शंभरात एकीपेक्षाही कमी राहते; अशी गाठ न कापता नुसती नजरेखाली ठेवता येते. तिघीही ‘कॅन्सर’ म्हणत असतील, तर शंका उरत नाही. आणि एकीचे म्हणणे वेगळे निघाले, तर संशय घेणारीचे ऐकायचे, धीर देणारीचे नाही. सुई पुन्हा घालायची, शक्यतो सोनोग्राफीत बघत बघत. किंवा थेट जाड सुईने तुकडा काढायचा. साधे बहुमत इथे चालत नाही. दोन बऱ्या रिपोर्टांनी तिसरा वाईट रिपोर्ट खोडला जात नाही.

हाताचे मोल

यंत्रांच्या चर्चेत हात मागे पडतो. पण हाताची सर्वांत मोठी कसोटी महाराष्ट्रातच झाली. टाटा मेमोरियलचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्यांची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केली. त्यांच्याजवळ यंत्र काहीच नव्हते. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यांत पोचलेले कॅन्सर ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. सर्व वयांच्या मिळून मृत्यूंमधली घट १५ टक्के, पण ती संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हती. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती.

शिकवलेला हात काय करू शकतो, याचा हा पुरावा आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यातही तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी हातानेच सांगितली आहे. पण हाताने शोधलेली गाठ पुढे छायेपर्यंत आणि सुईपर्यंत पोचली नाही, तर तो शोध वाया जातो.

तीन कागद, तीन गावे

जालना जिल्ह्यात खरी अडचण इथे येते. समजा मंठ्याकडच्या एखाद्या बाईने आशाताईला गाठ दाखवली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी हाताने पाहिली. सोनोग्राफी दुसऱ्या गावी झाली. मॅमोग्राफीसाठी जालना किंवा साठेक किलोमीटर पुढे छत्रपती संभाजीनगर. सुई तिसऱ्या ठिकाणी. प्रत्येकाने आपापले काम नीट केले असेल, पण तिन्ही कागद एका टेबलावर, एका नजरेखाली येतीलच असे नाही. ते एकत्र असतात ते फक्त बाईच्या कॅरीबॅगमध्ये. आणि शेवटचा कागद चांगला निघाला, की आधीचे दोन पिशवीतच राहतात.

सोनोग्राफी यंत्र बाईच्या गावी नेता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. यंत्राची नोंदणी सक्तीची झाली. मराठवाड्यातल्या मुलींच्या घटत्या संख्येकडे पाहता ते आवश्यकच होते. त्यामुळे बाईने यंत्राकडे जायचे, हे ठरलेले. काचपट्टी मात्र प्रवास करू शकते.

दुसरी अडचण हंगामाची. दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, अंबड, मंठा भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. ‘सहा महिन्यांनी दाखवा’ किंवा ‘सुई पुन्हा करावी लागेल’ हे शब्द अशा बाईच्या कानावर पडतात तेव्हा उचल घेतलेली असते. गाठ दुखत नसते. न दुखणारी गाठ हंगाम संपेपर्यंत थांबू शकते, असे सगळ्यांनाच वाटते. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपला एक गाळप हंगाम त्याच्या दुपटीहून मोठा आहे.

करण्यासारखे काय आहे? मराठवाड्याच्या सीमेवर बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या कॅन्सरची काटेकोर नोंद खेड्यात राहून ठेवता येते, हे तिने दाखवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचेही आहे. वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा, क्ष-किरण आणि पॅथॉलॉजी हे विभाग एका आवारात असतात. आठवड्यातला एक वार ठरवून तिन्ही विभागांनी स्तनाच्या गाठी एकत्र पाहिल्या, आणि तिन्ही शेरे एकाच कागदावर लिहिले, तर त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

तोवर बाईने आणि तिच्या घरच्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, शक्यतो आधी छाया, मग सुई. सुईने आत रक्त साकळले की छाया गढूळ होते. दोन, गरोदर असल्यास, पाजत असल्यास, पूर्वी टीबी झाला असल्यास ते प्रत्येक ठिकाणी सांगावे. तीन, ‘अपुरा नमुना’ म्हणजे नॉर्मल नव्हे. सुई पुन्हा लागते. चार, शेवटचा रिपोर्ट हातात आला की सगळे कागद एकाच डॉक्टरांसमोर ठेवून विचारावे : ‘हे तिन्ही एकच सांगतात का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर निर्धास्त होऊन घरी जावे किंवा निर्धाराने उपचाराला लागावे. ‘नाही’ असेल, तर टोळी गाडीत बसण्याआधी ती गाठ उलगडली पाहिजे.